सरदारांना झालेली जखम

सोनगिरीच्या बाजारात हलीमाबी बांगड्या विकायची. सरदार रायाजीरावांची माणसं तिच्या नमाजावरून, तिच्या अल्लावरून वाटेल ते बोलत आणि गिऱ्हाईक हुसकावून लावत. शेवटी तिने दरबारात दाद मागितली.

महाराज म्हणाले, "धर्मावरून भर रस्त्यात कुणाला छळलं तर शिक्षा, असा कायदाच करावा म्हणतो."

रायाजीराव मिशीत हसले. "नुसत्या बोलण्यासाठी कायदा? शब्दांनी कधी कुणाला जखम होते का, महाराज?"

"सरदार म्हणतात तसंही असेल," हलीमाबी शांतपणे म्हणाली. "मग त्यांची माणसं मला जे बोलतात, तेच मी इथे बोलून दाखवते. फक्त अल्लाच्या जागी सरदारांच्या कुलदैवताचं नाव घेते."

रायाजीरावांचा हात तलवारीवर गेला. "खबरदार! जीभ छाटून टाकीन!"

"महाराज, मी अजून एक शब्दही बोलले नाही," हलीमाबी म्हणाली, "आणि सरदार घायाळसुद्धा झाले!"

दरबार खो खो हसला. कायद्याची दवंडी त्याच संध्याकाळी पिटली गेली.

पुढच्या बाजाराला सरदारांच्या पत्नी स्वतः हलीमाबीसमोर येऊन बसल्या. हात पुढे करत म्हणाल्या, "हिरव्या भर गं. आमचे हे हल्ली फार गोड बोलतात!"