बाहेरून लावलेल्या कड्या

"मग शिबिर घ्यायचं तरी कुणासाठी, बाबा?"

डॉक्टर हेमांग दिघे टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायरीशी उभा होता. तालुक्यातला मोतीबिंदूचा सर्व्हे त्याच्याकडे होता, आणि आपल्या कामात खोट निघत नाही याचा त्याला कोण अभिमान. सकाळपासून त्यानं खालचं गाव पालथं घातलं होतं. निम्म्या घरांना बाहेरून कडी, माणसं कापूस वेचायला गेलेली. उरलेल्या घरांत सगळ्यांना लख्ख दिसत होतं. आता ऑपरेशनची गाडी तो दुसऱ्या गावाला वळवणार होता.

दर्ग्याची देखभाल करणाऱ्या इनायतबाबांनी ऐकून घेतलं...

मग ते अनवाणीच पायऱ्या उतरू लागले. हेमांगला मागोमाग जावंच लागलं.

भर दुपार. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कडी लावलेल्या पहिल्याच घरापाशी बाबा थांबले आणि त्यांनी बोटांनी दार वाजवलं.

"रिकामं आहे ते," हेमांग म्हणाला.

आतून कुणीतरी दार वाजवलं.

हेमांग दचकून मागं सरला. बाबा पुढच्या दाराशी गेले. तिथूनही तेच उत्तर. मग त्यापुढच्या. हाक नाही, बोलणं नाही, नुसती टकटक. बाबांनी हात खाली घेतला, तरी गल्लीतली दारं आतून वाजतच राहिली...

"कोण आहेत हे?"

"म्हातारी माणसं. दिसत नाही, विहिरीत पडतील, म्हणून पोरं कडी लावून शेतावर जातात."

"शेजारी मला काहीच कसे बोलले नाहीत?"

"तू आजाराचं विचारलंस. याला इथं म्हातारपण म्हणतात."

हेमांगनं कडी काढली. दाराला अगदी टेकून एक आजी बसली होती. डोळ्यांच्या बाहुल्या ताकासारख्या पांढऱ्या. उजेड तोंडावर पडला, तशी तिनं मान हळूहळू वर केली.

"उजाडलं का?"

हेमांगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साध्या ऑपरेशनचं काम, आणि तो हिला मागं ठेवून निघाला होता. गाडी इथंच थांबेल, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं. मग त्यानं बाबांकडे पाहिलं.

आजी वाट पाहत होती. गल्लीतली टकटक एकाएकी थांबली...

"आज तू सांग तिला," बाबा म्हणाले. "उजाडेल, उजाडेल म्हणून मी रोज सांगतो, माझं ती आता खरं मानत नाही."