कागदाखालचं भोक

"बंदूक खोटी नसती, तर गोळी खाली काऊन गेली असती, चाचा?"

अंबादासच्या आवाजानं दर्ग्यावरची कबुतरं उडाली. रहिमानचाचांनी मात्र हातातला झाडू थांबवला नाही. एके काळचे पंचक्रोशीतले शिकारी. आता पिराची झाडलोट करत. रायफल धरायला अंबादासला त्यांनीच शिकवलं होतं.

राग येणारच की हो माणसाला! पिकं राखायला सरकारी परवाना मिळालेला. पौषातली पहाट, दोनशे पावलांवर रानडुकराचं हे एवढं धूड... आणि गोळी खांद्याऐवजी पायात! जखमी डुक्कर तुरीत घुसलं, आणि शेंगा तोडायला आलेल्या वच्छलामावशीची मांडी फाडली त्यानं. मावशी दवाखान्यात. डुक्कर अजून तुरीतच.

"गाव काय म्हणते, माहीत आहे? अंब्यानं मावशीचीच शिकार केली म्हणते!"

"हं."

"हं काय चाचा? तुमची बंदूक द्या मले. आत्ता जातो अन् लोळवतो त्याले."

"तुह्या बंदुकीले काय झालं?"

"दुकानदारानं फसवलं, दुसरं काय! माह्या हातात खोट नाही. हे पाहा!"

त्यानं काखेतली फळी चाचांपुढे आदळली. सरावाची फळी. वैशाखात, दोनशे पावलांवरूनच मारलेली. नऊ भोकं, एका वाटीखाली झाकतील अशी.

चाचांनी झाडू टेकवला.

"कवा मारल्या?"

"भर दुपारी. एकामागून एक. नळीले हात लावला तर चटका बसे, तरी नेम हालला नाही!"

"अन् डुक्कर?"

"ते पहाटे आलं. दव पडलेलं, बोटं वाकत नव्हती... पण त्याचं इथं काय?"

चाचा फळीवरून अंगठा फिरवत राहिले. नऊ भोकांच्या खाली, वीतभर अंतरावर, अंगठा अडला.

खळीनं चिकटवलेला कागदाचा तुकडा.

चाचांनी तो नखानं उचकटला. खाली भोक होतं. दहावं.

"हे?"

अंबादासचे कान लाल झाले.

"ते... ती पहिली गोळी. नळी तापली नव्हती तवा. नऊ अशा नेटक्या बसल्या, अन् ते एकटंच खाली वाईट दिसे, म्हणून बुजवलं. पहिली जातेच तशी. ती हिशेबात धरायची नसते, चाचा! कोणीच धरत नाही!"



चाचांनी तो कागद अंबादासच्या तळहातावर ठेवला. त्याचीच बंदूक उचलून त्याच्या खांद्याला अडकवली. आपल्या वहाणा पायात सरकवल्या, आणि तुरीच्या वाटेला लागता लागता म्हणाले,

"डुकरानं धरली."