लिंबाजी आणि सिनेमाचा सातवा डबा

एका गावात एक भोळा माणूस होता. त्याचं नाव लिंबाजी आणि त्याच्या बायकोचं नाव हौसा. लिंबाजी आळशी नव्हता, लबाड नव्हता, दारूच्या वाटेला जाणारा नव्हता. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करायचा. हीच तर पंचाईत होती.

पाटलाकडं गुराखी होता तेव्हा पाटील म्हणाला, "लिंबा, गुरांना पाणी दाखवून आण." लिंबाजीनं गुरं ओढ्यावर नेली, पाणी दाखवलं आणि तशीच तहानलेली परत आणली. चार दिवसांत पाटलानं त्याला दार दाखवलं. तेही त्यानं नीट बघून घेतलं.

असं करता करता गावातली सगळी कामं संपली. उरला एकटा नाना दरेकराचा तंबू.

नानाचा सिनेमाचा तंबू होता. भैरोबाच्या जत्रेत तो माळावर उभा राहायचा. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला, खाली वाळू आणि समोर पांढरा पडदा. दरसाल दिवाळी झाली की शहरातून नानाला यादी यायची, की पुढल्या सालात कुठले सिनेमे येणार. त्या यादीची पंचक्रोशीत अशी वाट बघायचे, की सोयरिकीच्या निरोपाचीही कुणी बघत नसेल.

हौसानं नानाच्या हातापाया पडून लिंबाजीला कामावर चिकटवलं. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "हे बघा, हे शेवटचं काम आहे. हे गेलं की आपल्याला माझ्या भावाच्या घरी जाऊन राहायचंय. आणि माझी वहिनी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. ताटात भाकरी टाकताना म्हणते, 'आणखी एक?' आणि विचारून झाल्यावर ती भाकरी परत टोपलीत ठेवते."

लिंबाजीला ते ठाऊक होतं. तो म्हणाला, "नाना सांगतील तेच करीन. एक अक्षर इकडंतिकडं करणार नाही."

हौसानं तिथंच कपाळाला हात लावला.

नानानं लिंबाजीच्या गळ्यात हलगी अडकवली. म्हणाला, "औंदाची यादी झकास आहे. चार सिनेमे येणार. 'सासूबाईंचा घोडा', 'दरोडेखोराची मुंज', 'नऊ नवऱ्यांची वरात' आणि सगळ्यांत मोठा, 'काळ्या विहिरीचं गुपित'. चारींच्या गोष्टी मी तुला सांगितल्यात. आता गावोगाव जा. चार माणसं जमलेली दिसली की हलगी वाजवायची, तोंड हसरं ठेवायचं आणि ओरडायचं. कळलं?"

"एवढंच ना?" लिंबाजी म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं.

कुंभारवाडीत एका दारापुढं चार नाही, चाळीस माणसं जमलेली. लिंबाजीला आनंद झाला. त्यानं हलगीवर थाप टाकली, तोंड हसरं केलं आणि ओरडला, "या हो या! मुडदा पडणार! बायका पदर पिळून रडणार! असली मजा पुन्हा नाही! पोराबाळांसकट या!"

आतमध्ये म्हातारे केरबातात्या नुकतेच गेले होते. तिरडी बांधायची चालली होती. बांबू तयारच होता, त्यातलाच एक लिंबाजीच्या पाठीत बसला.

एका म्हातारीला त्याची दया आली. तिनं त्याला बाजूला घेतलं. "अरे मेल्या, माणसं गप्प बसलेली दिसली की टोपी काढावी. हलगी बगलेत धरावी. हात जोडून हळू आवाजात म्हणावं, 'फार वाईट झालं. देवाची मर्जी. आता मन घट्ट करा.' एवढंही कळत नाही?"

"एवढंच ना?" लिंबाजी पाठ चोळत म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो बोरखेड्याला गेला. एका ओसरीवर सतरंजी अंथरलेली. पाच-सहा पाव्हणे गप्प बसलेले, कारण पोह्यांचे घास तोंडात होते. समोर पाटावर खाली मान घालून एक मुलगी बसलेली. मुलगी बघायचा कार्यक्रम होता.

लिंबाजीनं टोपी काढली. हलगी बगलेत धरली. हात जोडून नवऱ्या मुलापुढं उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "फार वाईट झालं."

नवऱ्या मुलाचा घास घशातच अडकला. "काय झालं?"

"देवाची मर्जी," लिंबाजी म्हणाला. मग मुलीकडं बघून उसासा टाकला. "आता मन घट्ट करा."

पाव्हणे उठले. वराची आत्या तर पायातली चप्पल शोधता शोधता ती हातातच घेऊन आली. "मुलीत काय खोट आहे ते बोल आधी!"

"मला काय ठाऊक?" लिंबाजी म्हणाला. "मी आजच बघतोय."

मुलीच्या बापानं पाव्हण्यांच्या विनवण्या केल्या. लिंबाजी म्हणजे कोण, काय चीज आहे, ते सगळं पटवून दिलं, तेव्हा कुठं ते पुन्हा बसले. आत्याबाईंनी मात्र लिंबाजीला सोडलं नाही. "माणसानं असं अर्धवट बोलून जीव टांगणीला लावू नये. जे असेल ते आधीपासून शेवटपर्यंत सांगून मोकळं व्हावं. काही म्हणजे काही लपवू नये. मागाहून कळलं की बोल लागतो."

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी टाकळीचा बाजार होता. बाजारात सगळ्यांनी लिंबाजीला घेरलं. टाकळीचा पाटील पुढं झाला. "काय रे लिंबा, औंदा कुठले सिनेमे? 'सासूबाईंचा घोडा' काय आहे म्हणं?"

लिंबाजीला आत्याबाई आठवल्या. "सासूबाईंचा घोडा हरवतो, पाटील. सगळा गाव शोधतो. शेवटी तो जावयानंच विकलेला असतो. जावई पाया पडतो, सासूबाई रडतात, संपलं."

"असं होय!" लोक म्हणाले. "आणि दरोडेखोराची मुंज?"

"दरोडेखोर हा भटजींचा जत्रेत हरवलेला मुलगा असतो. शेवटी त्याची मुंज करतात."

"आणि नऊ नवऱ्यांची वरात?"

"आठ पळून जातात. नववा लंगडा असतो, त्याला पळता येत नाही. त्याच्याशी लग्न होतं."

लोक खूश झाले. एक बाई टोपली डोईवर घेत म्हणाली, "चला गं, तीन सिनेमे बघून झाले. जत्रेत मी आता बांगड्याच भरीन."

"आणि काळ्या विहिरीचं गुपित?" पाटलानं विचारलं. "विहिरीत काय असतं?"

"विहिरीत ना?" लिंबाजीनं तोंड उघडलं. तेवढ्यात मागून नानानं त्याचा कान धरला आणि त्याला बाजाराबाहेर ओढत नेलं.

नाना रडायचाच बाकी होता. "अरे गाढवा, तिन्ही सिनेमे जाळलेस माझे! आता त्या एका विहिरीवर सगळी जत्रा काढायची आहे. नीट ऐक. सिनेमाचा शेवट कधी कुणाला द्यायचा नसतो. तो दडवून ठेवायचा. गावात कुणाच्या म्हणजे कुणाच्या हाती लागता कामा नये. मी मागितला तरी द्यायचा नाही, भैरोबानं मागितला तरी द्यायचा नाही. हे एकदा चुकलास तर उद्या बोचकं बांध आणि मेहुण्याच्या घरचा रस्ता धर."

लिंबाजीच्या डोळ्यांपुढं भाकरीची टोपली उभी राहिली. "नाना, गळ्याची आण. ध्यानात ठेवतो."

आणि या वेळी तर त्यानं अगदी जिवापाड ध्यानात ठेवलं.

जत्रेचा दिवस उजाडला. एस.टी.नं शहरातून रिळांचे डबे यायचे होते. नाना तंबूचे खुंट ठोकण्यात गुंतला होता, म्हणून मशीनवाला इनूसभाई आणि लिंबाजी डबे उतरवायला गेले. इनूसभाईनं एकेक डबा खाली दिला. "हा पहिला. हा दुसरा." असं करत सहा झाले. "हा सातवा. सांभाळ हां लिंबाजी, यात शेवट आहे."

लिंबाजीनं डबा छातीशी धरला. शेवट! साक्षात शेवट हातात! सातवा लिंबाजीच्या हवाली करून इनूसभाई खाली उतरला आणि सहा डबे हातगाडीवर रचायला वळला. लिंबाजीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. घरी ठेवावा तर घर गावात. देवळात ठेवावा तर देऊळही गावात, शिवाय भैरोबा तिथंच. त्यानं डबा परत एस.टी.त चढवला, सीटखाली सरकवला आणि वर पोतं टाकलं. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी गेली.

लिंबाजीचा जीव भांड्यात पडला.

दिवस मावळला तेव्हा तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. तीन सिनेमांचा शेवट सगळ्यांना ठाऊक होता, पण विहिरीत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सिनेमा सुरू झाला. वाड्यातली माणसं एकेक करून गायब व्हायला लागली. मुनीमावर संशय आला, धाकट्या दिरावर आला, गोऱ्यापान आत्याबाईवर आला. शेवटी नायक हातात कंदील घेऊन दोरानं विहिरीत उतरला. खाली काहीतरी हललं. त्यानं कंदील वर धरला, त्याचे डोळे विस्फारले आणि तो ओरडला, "म्हणजे ते तुम्ही होतात?"

पडदा पांढरा झाला.

"डबा बदल रे!" लोक ओरडले.

इनूसभाईनं हातगाडीखाली बघितलं. तंबूमागं बघितलं. मग हळूच नानाच्या कानाला लागला.

नानानं लिंबाजीकडं बघितलं. लिंबाजी हसत होता. शाबासकी मिळणार म्हणून छाती पुढं काढून उभा होता.

"लिंबा," नाना घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सातवा डबा?"

"नाही द्यायचा," लिंबाजी म्हणाला.

"अरे, मी मागतोय!"

"तुम्ही मागितला तरी नाही. तुम्हीच सांगितलंत."

"कुठं आहे तो?"

"गावात कुणाच्या हाती लागणार नाही असा ठेवलाय. एस.टी.त. एव्हाना शहरात पोचला असेल."

नाना खुर्चीवर बसला, पण खुर्ची दोन हात लांब होती. तंबूत हलकल्लोळ झाला. कुणी बांबू हलवायला लागलं, कुणी वाळू उडवायला लागलं. डबे तर सकाळच्या गाडीनं परत जायचे होते, दुसऱ्या गावची जत्रा होती. टाकळीचा पाटील फेटा सावरत पुढं आला. "नाना, विहिरीत कोण होतं ते कळल्याबिगर आम्ही हलणार नाही!"

बांबू वाकायला लागले तसा नाना ओरडला, "पुढल्या वर्षी! शेवट पुढल्या वर्षी दाखवीन! भैरोबाच्यान दाखवीन!"

लोक शिव्या देत घरी गेले. पण झोप कुणाला? कुंभारवाडीचे म्हणायला लागले, मुनीम. बोरखेड्याचे म्हणायला लागले, दीर. टाकळीच्या पाटलानं तर पैजच लावली: "आत्याबाई नसली तर माझा खिलारी बैल तुमचा." दोन घरांत त्यावरून अबोला झाला. एका नव्या सुनेनं "मला वाटतं, सासूच," असं म्हटलं आणि ती आठ दिवस माहेरी जाऊन आली.

आणि सगळे यायला लागले लिंबाजीकडं. डबा हातात धरलेला माणूस तो. "लिंबाजीराव, आत काय होतं?"

"नाही सांगायचं," लिंबाजी म्हणायचा. त्यालाही आत काय होतं ते नीट आठवत नव्हतं. नानानं गोष्ट सांगितली तेव्हा शेवटाला त्याचा डोळा लागला होता. पण ते कुणी विचारलंच नाही.

दारात माणसं तासतास बसायची. त्यांना नुसतं पाणी तरी किती द्यायचं? हौसानं चूल अंगणात आणली, कढई चढवली आणि कांद्याची भजी तळायला बसली. लोक भजी खायचे, लिंबाजीच्या तोंडाकडं बघायचे आणि आणखी भजी मागायचे. लिंबाजी गप्प बसेल तितकी कढई जोरात चालायची.

दिवाळीनंतर नवी यादी आली. नाना चावडीवर वाचायला उभा राहिला. पाच नवे सिनेमे होते, एकाहून एक. पण कुणी ऐकूनच घेईना. "ते राहू द्या हो नाना. तो सातवा डबा येतोय ना, तेवढं सांगा!"

जत्रा आली. या खेपेला अकरा गावं आली. नानानं स्वतः शहरात जाऊन सातवा डबा आणला होता आणि येताना गाडीत मांडीवर धरून बसला होता. सिनेमा लागला. माणसं गायब झाली. नायक विहिरीत उतरला. सगळ्या तंबूनं श्वास रोखला. इनूसभाईनं सातवा डबा मशीनवर चढवला.

लिंबाजीनं ते बघितलं. शेवट! सगळ्यांच्या हाती! अकरा गावांच्या!

"नाना, देताय काय?" असं किंचाळून तो धावला, मशीनच्या उजेडासमोर उभा राहिला, दोन्ही हात पसरले आणि बोंब ठोकली, "नाही द्यायचा! भैरोबानं मागितला तरी नाही द्यायचा!"

पडद्यावर लिंबाजीची सावली पडली, डोंगराएवढी. नायकानं कंदील वर धरला तो थेट लिंबाजीच्या पोटात. इनूसभाई एक हात ओढतोय, नाना दुसरा हात ओढतोय, पण लिंबाजी खुंटासारखा रोवून उभा. बोंब इतकी मोठी, की सिनेमातली माणसं काय बोलली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. ओढाओढी संपली तेव्हा रीळही संपलं होतं.

आता पुन्हा बांबू वाकणार! नानानं डोळे मिटले.

मग टाकळीचा पाटील उठला. सावकाश फेटा सारखा केला. "कळलं नाही ना अजून कोण होतं ते?" त्यानं विचारलं. "म्हणजे माझा बैल माझ्याच गोठ्यात!" आणि तो खो-खो हसत सुटला.

कुंभारवाडीचे म्हणाले, "मुनीमच होता, आम्हाला टोपी दिसली!" बोरखेड्याचे म्हणाले, "हॅट्, दीर होता, मिशी दिसली!" जो तो आपलंच खरं म्हणत, भांडत आणि हसत बाहेर पडला. भांडणानं भूक लागते. अकरा गावं हौसाच्या कढईभोवती बसली.

नानानं दुसऱ्या दिवशी लिंबाजीला बोलावलं. हौसा पदराला डोळे पुसत बरोबर गेली. नाना म्हणाला, "हौसाबाई, हा सिनेमा मी दरसाल लावणार आहे. आणि तुमच्या नवऱ्याला सांगा, सातवा डबा चढला की उजेडापुढं उभं राहायचं. हेच त्याचं काम, जन्मभर."

"एवढंच ना?" लिंबाजी म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

तंबूच्या दाराशी हौसाला पत्र्याची शेड मिळाली, वर पाटी लागली, शेजारी दोन बाकडी आली. तिचा भाऊ आणि वहिनी दर जत्रेला भजी खायला येतात. हौसा वहिनीच्या पानात भजी वाढते, "आणखी एक?" म्हणून विचारते, आणि खरोखरच वाढते. भैरोबानं जसं लिंबाजीच्या घरात तेल आणि पीठ कधी कमी पडू दिलं नाही, तसं ते ऐकणाऱ्यांच्या घरातही कमी न पडो.