सकाळी नऊची प्रेमकथा

सुनिधी कोरेने चार मित्रांना हाताशी धरून एक छोटासा, हसवणारा प्रेमपट बनवला. त्यात ना नावाजलेला नट, ना परदेशातलं गाणं. गावातल्या एकुलत्या एका टॉकीजचे मालक रावसाहेब मगदूम यांनी त्याला रविवारी सकाळी नऊचा खेळ दिला आणि वर बजावलं, "शंभर माणसं आली नाहीत, तर दुपारी पोस्टर उतरवीन. एवढ्या सकाळी प्रेम बघायला कुठलं जोडपं येतंय, पोरी?"

शनिवारी दिवसभर सुनिधी गावातल्या वधू-वर सूचक मंडळात जाऊन बसली.

रविवारी टॉकीज भरलं. सफारीतले मामा, गजरे माळलेल्या आत्या, अवघडून बसलेली मुलं-मुली. रावसाहेब दारातच थबकले. "ही काय वरात आणलीस?"

"जोडपी मी बोलावलीच नाहीत," सुनिधी हळू आवाजात म्हणाली. "प्रेमात पडलेली दोघं दोनच खुर्च्या भरतात. ज्यांचं अजून जमायचंय, त्यांच्याबरोबर अख्खं घर येतं."

"मग बघण्याचा कार्यक्रम घरी पोहे खाऊन होत नाही?"

"घरी मुलीला स्वयंपाक विचारतात, मुलाला पगार. दोघं एकाच विनोदाला हसतात का, हे तिथं कसं कळणार?"

आत हशा पिकला. रावसाहेब बराच वेळ दारातून त्या अंधारातल्या चेहऱ्यांकडे बघत राहिले.

"पुढच्या रविवारी आमच्यासाठी सहा खुर्च्या राखून ठेवा, सुनिधीताई," ते म्हणाले. "आमच्या लेकाला, विश्वजितला, बत्तिसावं लागलंय."