पाटलाचं वळणावरचं रान

खूप वर्षांपूर्वी डोंगराच्या उतारावर एक गाव वसलं होतं. गावाच्या मधोमध ओढा वाहायचा. एका काठाला शेतं, दुसऱ्या काठाला कुंभारांची वस्ती. ओढ्याच्या पाण्यावर सगळं गाव जगायचं, पण लोकांना त्याची कदर नव्हती. कुणी काठावरची करंजाची झाडं तोडली, कुणी थेट पाण्यापर्यंत नांगर घातला. मग पावसाळ्यात काठ ढासळू लागले. डोह गाळाने भरले, विहिरींचं पाणी आटलं आणि एके वर्षी तर काठावरचा एक गोठा गाईसकट वाहून गेला.

तेव्हा गावाचे डोळे उघडले. येसाजी पाटलाने सगळ्यांना ओढ्याच्या वाळूतच बोलावलं. पाटील माणूस करारी होता, पण बोलणं सरळ. तो म्हणाला, "ओढ्याला त्याची जागा परत द्यायला हवी. दोन्ही काठांनी बैलाच्या कासऱ्याएवढ्या रुंदीचा पट्टा मोकळा सोडू. तिथे नांगर नाही, भिंत नाही, कुऱ्हाड नाही. नुसतं गवत आणि झाडं."

बरीच वादावादी झाली. कुणाचा मळा जात होता, कुणाची मिरची. पण गाईची आठवण ताजी होती. शेवटी सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्याच दिवशी कासरा घेऊन, खुंट्या ठोकत लोक काठाने निघाले.

ओढा जिथे वळतो तिथे पाटलाचं रान होतं. गावातली सगळ्यात कसदार जमीन. मोठा पाऊस झाला की ओढ्याचं जास्तीचं पाणी त्या रानात पसरायचं आणि हळूहळू ओसरायचं. त्या वर्षी पाटलाने तिथे हळद लावायचं ठरवलं होतं.

मल्हारी सुताराने खुंटी ठोकायची लाकडी मोगरी उचलली आणि तशीच खाली घेतली. "पाटील, तुमचं रान सोडून पुढे जाऊ या का? एवढी गावाची कामं करता तुम्ही. तुमच्या एका रानाने काय बिघडतंय?"

"खरंय, खरंय," आणखी दोघं-तिघं म्हणाले.

पाटलाला 'नको' म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आला. पण नजर त्या काळ्याभोर मातीवर गेली आणि तो गप्प बसला. लोकांनी तोच त्याचा होकार समजला.

पलीकडच्या काठावरून ठकूबाई कुंभारणीने हाक दिली, "अवो पाटील, पण हे रान तुमचं आहे हे पाण्याला कोण सांगणार?"

लोक हसले. पाटीलही हसला, पण ते हसू काही आतून आलं नव्हतं.

घरी त्याने बायकोला, गोदाईला, सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता ती एवढंच म्हणाली, "लोकांनी सोडलं, की तुम्ही सोडवून घेतलंत?" पाटील अर्ध्या जेवणावरून उठला.

हळद लागली. ती पाण्यात कुजू नये म्हणून पाटलाने वळणावर दगडांची भक्कम भिंत घातली. ते बघून गावातल्या तेल्याने काठावरच्या आपल्या मळ्यासमोरच्या खुंट्या उपटल्या. मागोमाग आणखी दोघांनी उपटल्या. पाटील जाब विचारायला गेला, तेव्हा तेली शांतपणे म्हणाला, "तुमचं चालतं, तर माझं का चालू नये?" पाटील खाली मान घालून परत फिरला.

पाऊस संपत आला, असं लोक म्हणू लागले होते, तोच हस्त नक्षत्र कोसळलं. रात्रभर डोंगरावर ढग फुटत राहिले आणि सकाळी ओढा दोन्ही काठ भरून, तांबडालाल होऊन धावू लागला. पाटील धावतच रानात गेला आणि भिंतीवर चढला. आत हळद कोरडी उभी होती. हिरवी पानं वाऱ्यावर डोलत होती. त्याला हायसं वाटलं.

मग त्याने मान वर करून पलीकडे बघितलं.

भिंतीवर आपटलेलं पाणी उलटून समोरच्या काठाला धडका देत होतं. कुंभारवस्तीखालची माती ढेकळाढेकळाने सुटत होती. पहिला आवा, जिथे मडकी भाजली जात, तो त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात बसला. बाया पोरांना कडेवर घेऊन टेकडीकडे पळत होत्या. ठकूबाईचं घर अगदी कडेला आलं होतं. तिचा म्हातारा अंथरुणाला खिळलेला. दोन माणसं त्याला घोंगडीच्या झोळीत घालायला आत शिरली होती. ठकूबाई दारात उभी राहून काहीतरी ओरडत होती. पाण्याच्या गर्जनेत एक शब्द ऐकू येत नव्हता.

"पाटील, खाली उतरा," मागोमाग आलेला त्याचा गडी म्हणाला. "भिंत पक्की आहे. हळदीला काही होत नाही."

पाटील हलेना. भिंत फोडली तर वर्षभराचं पीक जाणार होतं. नाही फोडली तर? समोर ठकूबाईच्या घराची मागची भिंत वाकली.

एवढ्यात मागून चिखल तुडवत गोदाई आली. पदर खोचलेला, हातात पहार. तिने एकदा पलीकडे बघितलं आणि विचारलं, "अहो, तुम्ही फोडता, की मी फोडू?"

पाटलाने तिच्या हातातून पहार घेतली. पहिला दगड हलेना. दुसऱ्या घावाला फट पडली. गडीही धावला. तिघांनी मिळून जोर लावला, तशी भिंत एकदम फुटली आणि पाण्याच्या लोटाने पाटलाला उचलून हळदीत फेकलं. नाकातोंडात गढूळ पाणी गेलं. गोदाईने आणि गड्याने त्याचे दंड धरून त्याला बांधावर ओढलं.

तो खोकत उठला तेव्हा हळद दिसत नव्हती. साऱ्या रानभर पाणी पसरलं होतं. पण पलीकडच्या धडका मंदावल्या होत्या. झोळी घेतलेली माणसं टेकडीवर पोहोचली आणि त्यांच्या मागे ठकूबाईचं घर हळूच गुडघे टेकल्यासारखं खाली बसलं.

पूर ओसरल्यावर पाटील कुंभारवस्तीत गेला. सगळं गाव तिथे जमलं होतं. तो ठकूबाईसमोर उभा राहिला. "बाई, तुझं घर पाण्याने नाही, मी पाडलं. वरच्या अंगाची माझी जागा घे. घर मी बांधून देतो."

ठकूबाई म्हणाली, "घेईन. पण आधी तुमचं वळण मोकळं करा. नाहीतर वर राहूनही खालच्यांची पडझडच बघत बसायची."

पाटील तडक रानात गेला. कासरा टाकला, मोजला आणि आपल्या हाताने खुंट्या ठोकल्या. उरलेली भिंत उपटून तेच दगड त्याने ठकूबाईच्या घराच्या पायाला नेले. तेल्याला कुणी काही बोललं नाही. दोन दिवस तो घरातून बघत होता. तिसऱ्या दिवशी मोगरी घेऊन तोही काठावर आला.

गवत वाढलं, करंज आणि उंबर रुजले. काही वर्षांनी पुन्हा तसाच पाऊस कोसळला. पाटील गोदाईबरोबर भिजत काठावर उभा राहिला. पाणी चढलं, गवतात शिरलं, झाडांच्या बुंध्यांतून वाट काढत पसरलं आणि तिथेच थबकलं. पलीकडे काठाचं एक ढेकूळही सुटलं नाही. तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला आणि गोदाईला म्हणाला, "चल, घरी जाऊ."

या गोष्टीचं तात्पर्य: नियम करणाराच स्वतःसाठी पळवाट ठेवतो, तेव्हा त्याच वाटेने संकट साऱ्या गावात शिरतं.