डावी पाकळी

"मग घरी जाऊन थाप मारायचीस. देवीनं उजवा कौल दिला म्हणून सांगायचंस. एवढ्या उन्हातून इथवर आलास कशाला?"

दुपारचा नैवेद्य नुकताच झाला होता. धाकूतात्या गुरव गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून ताम्हण पुसत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं.

समोर खडपे सर बसले होते. तालुक्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात ते. देव नाही, हे ते गावोगाव व्याख्यानं देऊन सांगतात, आणि चांगलं सांगतात. उगाच नावं का ठेवा?

आमच्या पावणाईच्या कौलावर तर त्यांनी इथंच, देवळासमोर मांडव घालून भाषण ठोकलं होतं. कौल म्हणजे काय, तर फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यानं देवीच्या पाषाणाला चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सर म्हणाले होते, "पाणी सुकतं, पाकळी पडते. यात देवी आली कुठून?" पहिल्या रांगेत बसून एकट्या तात्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तेच सर आज चपला काढून देवीच्या दारात बसले होते.

मी खांबाला टेकून वाती वळत होतो. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून माझी दुपार तिथंच जाते. मी देवीला मानतो का? बरं चाललेलं असलं की अर्धा मानतो. संकट आलं की पूर्ण.

आल्या आल्या सरांनी सगळं सांगितलं होतं. नऊ वर्षांची मैथिली, एकुलती एक. जन्मापासून हृदयाला भोक. परवा कोल्हापूरला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, शंभरातली दहा मुलं टेबलावरून उठत नाहीत. केलं नाही तर दोन वर्षं, फार तर तीन, तीही ओठ निळे पडत पडत. आणि बायको म्हणते, पावणाईचा कौल घेतल्याशिवाय ऑपरेशन नाही.

त्यावर तात्यांनी थाप मारायचं सुचवलं होतं.

"मी खोटं बोलत नाही," सर म्हणाले.

"अरे वा! देव नाही, मग खोटं बोलायला भितोस कुणाला?"

"खरं बोलायला देव लागत नाही, तात्या."

"हे लाख बोललास." तात्यांनी ताम्हण खाली ठेवलं. "मग खरंच बोल. बायकोनं पाठवलंय तुला?"



बाहेर वडावर कावळा ओरडत होता.

सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "ऑपरेशनला आमच्या दोघांच्या सह्या हव्यात. वैजयंतीनं कालच केली. देव्हाऱ्यापुढे हात जोडले, म्हणाली, देवीचं देवी बघेल, आपलं आपण करू. आणि केली सही. चहासुद्धा गार झाला नव्हता तिचा. माझी..."

"तुझी काय?"

"माझी होत नाही."

"का रे?"

"सही केली आणि मैथिली गेली, तर मी मारली. नाही केली आणि गेली, तरी मीच मारली. वैजयंतीला रडायला, भांडायला कुणीतरी आहे. मला कोण आहे?"

तात्यांनी पुसायचं फडकं बाजूला ठेवलं.

"मला भीती वाटते, तात्या. फार भीती वाटते. पोर झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बसतो. श्वास लागला बोटाला की बरं वाटतं, आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा धरतो." सरांनी डोळे पुसले. "कौल लावा."

"तुला तर ठाऊक आहे. पाणी सुकतं, पाकळी पडते."

"ठाऊक आहे."

"तरी लावू?"

"तरी लावा."

"डावी पडली तर?"

"तर सही करणार नाही."

"आणि मग दोन वर्षांनी पोर गेली, तर ती देवीनं नेली. तू सुटलास. असंच ना?"

 सरांनी मान हलवली. हो म्हणून.

तात्या उठले. मला वाटलं, आता हा म्हातारा सरांना हाकलून देणार. तोंडाचा फटकळ आहे तो. कुणी गुरू म्हणून पाया पडायला वाकलं तर शिव्या घालतो.

पण त्यांनी घागरीतलं पाणी हातावर घेतलं, परडीतली जास्वंद उचलली आणि मला म्हणाले, "ये रे पोस्टमन. होय म्हणायला उभा राहा."

मी वाती टाकून उठलो. गाऱ्हाण्याला होय म्हणायला कुणीतरी लागतं.

सर आम्हां दोघांच्या मधे, पाषाणापासून हातभर अंतरावर उभे राहिले.

तात्यांनी देवीच्या उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा पाकळ्या चिकटवल्या. मग हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "पावणाई माये, हे लेकरू तुझ्या दारात आलंय. तुला मानत नाही म्हणतं. तरी आलंय."

"होय महाराजा," मी म्हणालो.

"त्याच्या पोरीच्या जिवाचा सवाल आहे. शस्त्र लावायचं का नाही, खरं काय ते सांग."

"होय महाराजा." नको नको ते मनात येत होतं.

मग थांबायचं. कौलाला दुसरं काही करायचं नसतं, नुसतं थांबायचं.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

गाभाऱ्यात उकडत होतं. सरांच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण ते पुसत नव्हते. ओठ हलत होते. मला वाटलं, नामस्मरण करतात. कान दिला तर ते पुटपुटत होते, "पाणी सुकतं... पाणी सुकतं..."

आणि डावी पाकळी हलली.

वरची कड सुटली होती. पाकळी हळूहळू दगडावरून खाली सरकायला लागली. उजवी होती तिथंच, घट्ट.

आई शप्पथ सांगतो, मी डोळे मिटून घेणार होतो. त्या पोरीला मी पाहिलंय हो. जत्रेत बापाच्या खांद्यावर बसून पिपाणी वाजवत होती, दम लागला तरी सोडत नव्हती.

पाकळी आणखी सरकली.

तेवढ्यात सरांनी डावा हात पुढे केला आणि ती पाकळी अंगठ्यानं दाबून धरली.

मी ओरडलोच. "सर! अहो काय करताय?"

लावलेल्या कौलाला कुणी हात लावत नाही. गुरवसुद्धा नाही. माझ्या उभ्या हयातीत कुणी लावलेला नाही. लावला तर काय होतं, ते आम्हांला ठाऊक नाही, कारण ते बघायची कुणाची छातीच झालेली नाही.

सर स्वतःच्या हाताकडे बघत होते, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

मी तात्यांकडे बघितलं. आता हा काय करतो? तात्या जागचे हलले नाहीत. हाताची घडी घालून उभे होते.



किती वेळ गेला कोण जाणे. मग उजवी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"काढ हात," तात्या म्हणाले.

"नाही. पडेल ती."

"उजवी पडली आता. काढ."

"नाही काढणार!" सर किंचाळले. एवढा मोठा माणूस, हजार माणसांपुढे बोलणारा, पाचवीतल्या पोरासारखा रडत होता. "नाही पडू देणार मी तिला. कळतंय का तुम्हांला? नाही पडू देणार!"

"बरं. नको काढूस."

तात्या वळले. सरांचा कागद उंबऱ्याशी पडला होता तो उचलला, ताम्हण पालथं केलं, त्यावर कागद नीट पसरला आणि ताम्हण दोन्ही हातांनी सरांच्या पुढ्यात धरलं.

"पेन आहे?"

सरांनी उजव्या हातानं खिशातलं पेन काढलं. डाव्या हाताचा अंगठा पाकळीवर तसाच होता. टोपण दातांनी ओढलं. आणि त्यांनी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, पण पूर्ण नाव लिहिलं त्यांनी. बापाच्या नावासकट.

तात्यांनी कागदावर फुंकर घातली, घडी केली आणि सरांच्या खिशात ठेवली.

तेव्हा कुठं सरांनी अंगठा काढला. डावी पाकळी क्षणभर दगडाला धरून राहिली आणि मग तीही पडली.

सर दारापर्यंत गेले. एक चप्पल घातली, आणि दुसरी तशीच ठेवून परत उंबऱ्याशी आले. तोंड पार उतरलं होतं त्यांचं. सही झाली होती, पण भीती काही गेली नव्हती. ती मला उभ्या जागेवरून दिसत होती.

"तात्या... देवीच्या मनात काय होतं हो?"

तात्यांनी वाकून दोन्ही पाकळ्या उचलल्या.

"तिला बोलू कुठं दिलंस तू?"