समोरचा बोलेपर्यंत

"मग तुम्हीच सांगा उस्ताद, यात माझं काय चुकलं?"

दस्तगीर उस्तादांनी चष्मा काढला, लुंगीच्या टोकानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"तुझं कुठं काय चुकतंय," ते म्हणाले. "तू बोल."

हे 'तू बोल' शशिकांतच्या चांगल्या ओळखीचं होतं. तालुक्याच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजात याच माणसाच्या हाताखाली तो तारा सोलायला शिकला होता. उस्ताद 'तू बोल' म्हणाले की समजून जावं, काहीतरी चुकलंय आणि ते आता आपल्याच तोंडून बाहेर पडणार आहे.

पण आता तो काही तेव्हाचा शशा राहिला नव्हता. गावातल्या ट्रस्टच्या मोठ्या इस्पितळात नेटवर्कचा सगळा कारभार त्याच्याकडं होता. लोक 'होडगे साहेब' म्हणायचे. तेव्हा साहेब बोलले.

"घाटावरच्या दवाखान्याची लाईन आठवडाभर बंद पडतेय. बाया-बापड्यांचे एक्स-रे तिथं काढायचे आणि खालच्या डॉक्टरांनी पडद्यावर बघायचे, अशी सोय केलीय आपण. आता पेशंटला जीपमध्ये घालून घाट उतरावा लागतोय. परवा एक म्हातारी निम्म्या वाटेत बेशुद्ध पडली. वाचली, नशीब!"

"वर कोण असतं?"

प्रश्न विचारायची गरज नव्हती. पुंडलिक घेवडेला तिथं चिकटवा, असं ट्रस्टच्या लोकांना सांगणारे उस्तादच होते.

"पुंडलिकच की." शशिकांतनं नजर वळवली. "उद्या ट्रस्टची बैठक आहे. मी सांगणार आहे, त्याला काढा. तुमच्या कानावर आधी घालावं म्हणून आलो."

उस्ताद उठले. "चहा टाकतो. गवती चहा तोडून आणतो जरा."

ते परड्यात गेले. शशिकांत सोप्यात एकटाच बसून राहिला.

सोप्यात सगळा जुना संसार तसाच होता. वाळत घातलेल्या कपड्यांची दोरीसुद्धा टेलिफोनच्या केबलची, आतल्या तारांचे रंग टोकाशी फुललेले. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी... डोळे मिटून म्हणायचे ते रंग एके काळी, पाढ्यांसारखे. म्हणता म्हणता चुकलं की उस्ताद कान पकडायचे, तोही समोरच्याचा. म्हणजे शशिकांत चुकला की पुंडलिकचा कान, आणि पुंडलिक चुकला की शशिकांतचा. काय ती तऱ्हा! पण एकमेकांच्या कानासाठी दोघांनी रंग पाठ केले.

जोडीचं काम होतं ते. एक जण एक्स्चेंजात बसायचा, दुसरा खांबावर चढायचा. वरचा फोन लावून विचारायचा, खालचा ओ द्यायचा. उस्तादांचा नियम एकच. समोरचा बोलेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

एकदा शशिकांत एक्स्चेंजात असताना भूक लागली म्हणून उठला तो थेट खानावळीत. तिथं गप्पा रंगल्या आणि खांबावरच्या पुंडलिकला तो साफ विसरला. परत येऊन फोन कानाला लावला, तर पलीकडून आवाज आला, "शशा, काय होतं रे आज भाजीला?" भर उन्हात, खांबाला पाय आवळून, गडी फोन धरून उभा होता.

"ठेवायचास की लेका!"

"उस्तादांनी ठेवू नको म्हटलंय."

शशिकांतला आत्ताही हसू आलं. लगेच त्यानं ते आवरलं. कामाला आलो आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं.

उस्ताद मूठभर पाती घेऊन आले, कोपऱ्यातल्या स्टोवर पातेलं चढवलं. "हां, मग? दोष त्याच्याकडचाच, हे कशावरून?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, उस्ताद? इस्पितळातल्या कपाटात लाईनची पेटी आहे ना, तिच्यावरचा दिवा हिरवागार आहे. लाईन चांगली असल्याशिवाय लागत नाही तो."

"बरं."

"आता तांबं नाही राहिलं. काचेच्या दोन बारीक तारा आहेत. एकीतून त्याचा उजेड माझ्याकडं येतो, दुसरीतून माझा त्याच्याकडं जातो. त्याचा येतो तो मी मोजला. पुरेपूर. माझ्या पेटीतून निघतो तोही मोजला, पेटीला जोडायची काचेच्या तारेची दोरी असते ती माझी स्वतःची लावून. पुरेपूर. मधली घाटातली तार यंत्र लावून तपासली, ठणठणीत आहे. मग राहिलं कोण?"

"पुंडलिक काय म्हणतो?"

"म्हणतो, काहीच पोचत नाही." शशिकांत तावातावानं पुढं सरकला. "आणि खरी गंमत पुढंच आहे. मी कपाट उघडून पेटीसमोर उभा असतो ना, तोवर सगळं चालू. 'आलं, आलं' म्हणतो. मी कपाट बंद करून खुर्चीत टेकलो की याचा फोन. 'गेलं!' आता बोला. मुद्दाम करतोय तो. मी साहेब झालो ते खुपतंय त्याला."

"मग तू काय करतोस?"

"काय करणार? ठेवून देतो फोन. रोज रोज कोण ऐकणार तेच रडगाणं?"

उस्तादांच्या हातातली पाती पातेल्यावर क्षणभर तशीच राहिली. मग त्यांनी ती आत टाकली.

"शशी, परड्यात जा जरा. काजूखाली खोपीत फोन आहे बघ. तिथनं मला लाव. बरेच दिवस झाले, तुझा आवाज फोनवर ऐकला नाही."

शशिकांतला बरं वाटलं. भंगारात निघालेले, दांडा फिरवायचे दोन जुने फोन उस्तादांनी घरी आणून जोडले होते. एक सोप्यात होता, दुसरा परड्यात. जेवणाची हाक मारायला म्हणे.

खोपीत गेल्यावर त्यानं दांडा फिरवला. सोप्यात घंटा खणखणली. तो काळा जड फोन कानाला लावताच कानशिलाला तोच गार स्पर्श झाला. किती वर्षं झाली!

"हॅलो," उस्तादांचा आवाज आला. काय स्वच्छ आवाज! पातेल्यातल्या चहाची खळखळसुद्धा ऐकू येत होती.

"उस्ताद, मी शशी."

"हॅलो? कोण आहे?"

"मी शशी! ऐकू येतंय का?"

"हॅलो... अरे, बोल की."

"बोलतोय मी! उस्ताद!"

"काय पोरगा आहे. फोन करतो आणि बोलत नाही."

"अहो, ओरडतोय मी इथं!" काजूवरचे कावळे उडाले, इतका तो ओरडला.

"मुद्दाम करतोय," उस्ताद शांतपणे म्हणाले. "साहेब झालाय ना."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

शशिकांत फोन हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला राग आला. मग रागाच्या मागून वेगळंच काहीतरी आलं. घशाला कोरड पडेपर्यंत आपण ओरडावं आणि पलीकडच्यानं म्हणावं, मुद्दाम करतोय... लहान मुलासारखं त्याला रडू येईलसं वाटलं.

तो सोप्यात आला तेव्हा उस्ताद चहा गाळत होते. समोर पाटावर एक चपटी गोल डबी ठेवलेली होती. शशिकांतनं ती बघताक्षणी ओळखली. फोनच्या तोंडाशी, बोलायच्या जागी बसवतात ती. ती नसली की ऐकू सगळं येतं, बोललेलं मात्र जात नाही. पुंडलिकनं उस्तादांना आधीच सगळं सांगितलं असणार, आणि गवती चहा तोडायला गेले तेव्हाच त्यांनी ती खोपीतल्या फोनमधून काढून आणली असणार.

"तुमचा आवाज मला स्वच्छ येत होता, उस्ताद," तो हळू म्हणाला.

"मग तुझ्याकडनं लाईन चांगलीच होती की."

"हो..."

"चहा घे."

त्यानं कपाला हात लावला नाही. तो पाटावरच्या डबीकडं बघत राहिला. हिरवा दिवा त्याच्या डोळ्यांपुढं आला. तो दिवा पुंडलिकच्या उजेडानं लागत होता. शशिकांतचा स्वतःचा उजेड तिकडं पोचतो का, हे त्या दिव्यावरून कळतच नव्हतं.

आणि मग कपाटाचं दार आठवलं. आठवड्यापूर्वी नवं यंत्र बसवल्यावर कपाट गच्च भरलं होतं. दार लागेना, तेव्हा त्यानंच गुडघ्यानं रेटून लावलं होतं.

"अरे देवा," शशिकांत म्हणाला.

त्यानं खिशातून मोबाईल काढून इस्पितळात अश्विनीला लावला. ती त्याच्या हाताखाली काम करायची.

"अश्विनी, कपाट उघड. पेटीतून भिंतीकडं जाणारी हातभर पिवळी दोरी आहे बघ. मोजताना मी तिच्या जागी माझी लावली होती, ती."

थोडा वेळ नुसती खुडबुड ऐकू आली.

"सर, ही तर बिजागरीत चेपतेय. दार लावलं की पार मोडून बसत असणार."

"काढ ती. नवी लाव, आणि दारापासून लांबनं घे. मग दार लावून बघ."

पुन्हा खुडबुड झाली, मग दार लागल्याचा आवाज आला.

"लावलं, सर. पण आपला दिवा आधीही हिरवा होता, आत्ता दाराच्या काचेतूनही हिरवाच दिसतोय. झालं की नाही झालं, हे समजायचं कसं?"

शशिकांतनं उस्तादांकडं पाहिलं. उस्ताद बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी विचारतो," तो अश्विनीला म्हणाला.

पुंडलिकचा नंबर लावायला त्याला वेळ लागला. घंटा वाजत राहिली. उचलणार नाही, असं वाटेपर्यंत वाजली.

"बोला साहेब," पलीकडून आवाज आला.

साहेब! याच गड्यानं त्याच्यासाठी कान पिळून घेतला होता, उन्हात खांबावर भाजून निघाला होता. आठवडाभर तो घसा फोडून खरं तेच सांगत होता, आणि आपण रोज त्याच्या तोंडावर फोन आपटत होतो. उद्या तर त्याच्या पोटावर पाय द्यायला निघालो होतो.

"पुंडू... तुझ्याकडं बघ जरा. पोचतंय का?"

पावलं वाजली, एक दार करकरलं.

"आलं," पुंडलिक म्हणाला.

"माझं दार बंद आहे आत्ता. बंद असताना आलंय. बघ नीट."

"आलंय म्हटलं की. पडद्यावर सगळं दिसतंय."

"दोष माझ्याकडचा होता, पुंडू. माझ्याच हातानं दोरी चेपली होती. तू सांगत होतास, आणि मी..." त्यानं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. "उद्या बैठकीत हे मी सगळ्यांसमोर सांगतो. चुकलं माझं. आठवडाभर तुझं ऐकून घेतलं नाही."

पलीकडं काहीच नाही.

"पुंडू?"

फोन चालू होता. घाटावरचा वारा ऐकू येत होता, दूर कुठंतरी बाई पेशंटची नावं पुकारत होती. पुंडलिकचा श्वासही ऐकू येत होता, पण शब्द येत नव्हता.

शशिकांतनं मोबाईल कानापासून थोडा लांब धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

"उस्ताद, तो काही बोलत नाही. माझं पोचलं का नाही, काहीच कळत नाही... काय करू?"

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

"ठेवू नकोस."